भाव ठरला, माप राहिले : घराच्या फरशीचे अंदाजपत्रक

दुकानात माल उतरला की तो मोजून घ्यावा, काट्यावर तपासावा आणि मगच पावतीवर सही करावी, हा व्यापारी घरातील मुलाला लहानपणीच मिळणारा धडा. कापडाचे ठाण असो की साखरेचे पोते, मापावाचून व्यवहार होत नाही. परंतु त्याच घराची फरशी बदलण्याची वेळ आली की हा धडा बहुधा विसरला जातो. टाइलच्या दुकानात तासभर घासाघीस होते, चौरस फुटामागे दोन रुपये कमी करून घेतल्याचे समाधान मिळते आणि माल नेमका किती लागणार, हा मूळ प्रश्न मात्र विक्रेत्याच्या किंवा मिस्त्रीच्या तोंडी अंदाजावर सोपवला जातो.

फरशीच्या कामात मोठे नुकसान भावात होत नाही, ते मापात होते. माल कमी पडला तर काम अर्ध्यावर थांबते, मिस्त्रीची माणसे दुसऱ्या कामावर निघून जातात आणि नंतर आणलेल्या टाइलची छटा आधीच्या टाइलशी जुळत नाही. माल जास्त आला तर पैसा जिन्याखाली पडून राहतो. घरात लग्नकार्य ठरलेले असेल, दिवाळी तोंडावर असेल किंवा खर्च दोन भावांत वाटून घ्यायचा असेल, तर या चुकीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातच एक कागद तयार व्हावा. त्यात अवघड असे काही नाही. गुणाकार, भागाकार आणि थोडा धीर एवढेच पुरेसे आहे.

करारातील आकडा आणि जमिनीवरील आकडा

अनेक कुटुंबे सदनिकेच्या करारनाम्यातील ‘कार्पेट एरिया’ पाहून टाइलचा हिशेब करतात. हा शब्द मुळात गालिच्यावरूनच आला. भिंतींच्या आत जेवढ्या जागेवर गालिचा अंथरता येईल तेवढी जागा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. परंतु २०१६च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने, म्हणजेच रेरा कायद्याने, त्याची जी व्याख्या केली ती थोडी वेगळी आहे. त्या व्याख्येत सदनिकेच्या आतील खोल्या विभागणाऱ्या भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, पाइप व इतर सेवांसाठी ठेवलेल्या मोकळ्या कप्प्यांची जागा, स्वतंत्र बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची मात्र वगळली जाते.

याचा परिणाम असा की करारातील आकड्यात जिथे टाइल बसणारच नाही अशी भिंतीखालची जागा असते आणि जिथे टाइल लागणारच आहे ती बाल्कनी नसते. शिवाय न्हाणीघराची जागाही त्याच आकड्यात असते. तिथे तर वेगळी, न घसरणारी टाइल लागते. रेरापूर्व काळातील जुन्या करारांत बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेले असते, तो आकडा तर आणखी दूरचा. करारातील आकडा मालमत्तेच्या खरेदी-विक्रीसाठी आहे. फरशीसाठी टेप घेऊन स्वतःच मोजणे हाच मार्ग.

मोजणीचे तीन नियम

पहिला नियम, प्रत्येक खोली दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजावी आणि मोठे माप लिहावे. जुन्या इमारतींत भिंती क्वचितच सरळ असतात. खोलीचे दोन्ही कर्ण मोजले आणि त्यांत फरक आला, तर खोली ‘गुण्यात नाही’ हे लगेच कळते. अशा खोलीत कडेच्या टाइल तिरप्या कापाव्या लागतात आणि तूट वाढते.

दुसरा नियम, फूट-इंचांचे दशांशात रूपांतर नीट करावे. १० फूट ९ इंच म्हणजे १०.९ फूट नव्हे, १०.७५ फूट. ११ फूट ३ इंच म्हणजे ११.२५ फूट. फुटाचे इंच बारा असतात, दहा नव्हे. पण कॅल्क्युलेटर हाती आला की ही साधी गोष्ट सुटून जाते.

तिसरा नियम, प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ वेगळे लिहावे, त्याबरोबर तिचा घेर म्हणजे चारही भिंतींची लांबी लिहावी आणि दरवाज्यांची रुंदी टिपावी. भिंतीच्या पायथ्याशी लागणाऱ्या पट्टीचा, म्हणजे स्कर्टिंगचा, हिशेब या घेरावरूनच होतो आणि नेमका तोच बहुतेक अंदाजांत राहून जातो. काही मिस्त्री ब्रासच्या भाषेत बोलतात. फरशीकामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, हे लक्षात ठेवले की त्यांचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

दोन फूट म्हणजे दोन फूट नव्हे

बाजारात ज्या टाइलला ‘दोन बाय दोन’ म्हणतात तिचे खरे माप ६०० बाय ६०० मिलिमीटर असते. ६०० मिलिमीटर म्हणजे २३.६२ इंच, दोन फुटांना जवळजवळ अर्धा इंच कमी. त्यामुळे एक टाइल ४ चौरस फूट नव्हे, तर सुमारे ३.८७५ चौरस फूट जागा व्यापते. या मापाच्या बॉक्समध्ये सामान्यतः चार टाइल असतात, त्या १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट भरतात. ‘दोन बाय चार’ म्हणजे ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या बॉक्समध्ये बहुधा दोन टाइल असतात आणि त्याही १५.५ चौरस फूटच भरतात. ८०० बाय ८०० मिलिमीटरच्या तीन टाइलच्या बॉक्समध्ये सुमारे २०.६७ चौरस फूट येतात. बॉक्सवर टाइलची संख्या आणि चौरस मीटर छापलेले असतात. ते वाचून १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. तोंडी सांगितलेल्या मापापेक्षा हा छापील आकडा प्रमाण मानावा.

एका घराचा हिशेब

समजू की सांगलीतील एक व्यापारी कुटुंब मुलाच्या लग्नापूर्वी दोन शयनगृहांच्या सदनिकेत दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल बसवू इच्छिते. न्हाणीघरे आणि बाल्कनी यांचा हिशेब वेगळा ठेवला आहे. मोजणी अशी निघते :

दिवाणखाना १६.५ × ११ = १८१.५ चौरस फूट
स्वयंपाकघर १० × ८.५ = ८५
मोठे शयनगृह १२ × ११ = १३२
लहान शयनगृह ११ × १० = ११०
पॅसेज ९ × ३.५ = ३१.५
एकूण ५४० चौरस फूट

दुकानात हा आकडा सांगताच उत्तर येईल, “शेठ, पाचशे चाळीस भागिले सोळा, चौतीस बॉक्स घ्या.” ३४ बॉक्समध्ये प्रत्यक्षात ५२७ चौरस फूट टाइल येते, म्हणजे एकही टाइल न कापता, न फोडता बसवली तरी १३ चौरस फूट जमीन उघडी राहील.

आता तूट धरू. भिंतीला समांतर सरळ बसवणीत ५ ते ७ टक्के, तिरप्या म्हणजे डायमंड बसवणीत १० ते १५ टक्के तूट धरण्याची पद्धत आहे. ही सरासरी झाली; अरुंद जागेत ती पुष्कळ वाढते. वरील पॅसेजमध्ये साडेतीन फूट रुंदीत दोन टाइल घ्याव्या लागतात आणि दुसरी कापावी लागते. नऊ फूट लांबीत पाच ओळी बसतात. एकूण १० टाइल, म्हणजे ३८.७५ चौरस फूट माल लागतो, तो ३१.५ चौरस फूट जागेसाठी. तूट २३ टक्के झाली. कापून उरलेल्या सुमारे पाच इंचांच्या पट्ट्या स्कर्टिंगला वापरता येतात, परंतु त्यासाठी मिस्त्रीला आधी सांगून ठेवावे लागते. नाहीतर त्या राडारोड्यात जातात.

संपूर्ण घरासाठी ७ टक्के तूट धरल्यास ५४० चे ५७७.८ चौरस फूट होतात. १५.५ ने भागल्यावर ३७.३, म्हणजे ३८ बॉक्स. या खोल्यांचा एकूण घेर २०५ फूट. त्यातून दरवाजे, मोकळ्या कमानी आणि ओट्याखालची बाजू वजा केली तर स्कर्टिंगसाठी समजा १५७ फूट उरतात. एक पट्टी ६०० मिलिमीटर लांब, म्हणून ८० पट्ट्या हव्यात. इथे पट्टीची उंची महत्त्वाची ठरते. ती ९५ मिलिमीटर ठेवली तर एका टाइलमधून सहा पट्ट्या निघतात आणि चार बॉक्समध्ये काम भागून काही पट्ट्या हाताशी उरतात. पूर्ण १०० मिलिमीटर ठेवली तर पात्याच्या कापात जाणारी जाडी आडवी येते, पाचच पट्ट्या निघतात आणि चार बॉक्समधून बरोबर ८० मिळतात. एक तुटली तरी पाचवा बॉक्स उघडावा लागतो. पाच मिलिमीटरचा हा निर्णय कागदावरच व्हावा.

३८ आणि ४ मिळून ४२ बॉक्स. त्यावर दोन बॉक्स राखीव ठेवावेत. चार वर्षांनी पाइप गळला आणि फरशी फोडावी लागली, तर त्याच छटेची टाइल तेव्हा बाजारात मिळण्याची शक्यता फार कमी. एकूण ४४ बॉक्स. चौतीस आणि चव्वेचाळीस यांतील फरक दहा बॉक्सचा आहे.

हा फरक नंतर भरून काढता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण टाइल भट्टीत भाजली जाते आणि प्रत्येक भाजणीत छटेत, कधी मापातही, किंचित फरक पडतो. त्यासाठीच बॉक्सवर बॅच आणि शेड यांचे क्रमांक छापलेले असतात. मोरबीच्या कारखान्यातून तोच नमुना पुन्हा आला तरी बॅच वेगळी असते आणि दिवाणखान्याच्या मध्यावर दोन छटांची रेघ कायमची उमटते. म्हणून सर्व माल एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्यावा आणि उतरवताना प्रत्येक बॉक्सवरील क्रमांक तपासावा.

साठ रुपयांची फरशी कितीला पडते?

गणितासाठी टाइलचा भाव कर वगळून ६० रुपये चौरस फूट धरू. बाकीचे दरही उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गावात ते वेगळे असतील, वाचकांनी तिथे आपापल्या गावचे दर घालावेत. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवायची, असे गृहीत धरले आहे.

टाइल : ४४ बॉक्स, ६८२ चौरस फूट × ६० = ४०,९२० रुपये
त्यावर १८ टक्के जीएसटी = ७,३६६
वाहतूक व हमाली = ३,०००
चिकटद्रव्य : १४ गोण्या × ६०० = ८,४००
फरशी बसवण्याची मजुरी : ५४० × ३० = १६,२००
स्कर्टिंगची मजुरी : १५७ रनिंग फूट × २० = ३,१४०
सांधे भरण्याचे ग्राउट = २,०००
काम संपेपर्यंत फरशीवर टाकायचे संरक्षक आच्छादन = २,५००
तीन दरवाजे खालून तासणे = १,५००
बेरीज ८५,०२६
अनपेक्षित खर्चासाठी १० टक्के = ८,५०३
एकूण ९३,५२९ रुपये

ज्या घरात ‘पाचशे चाळीस गुणिले साठ, बत्तीस हजार चारशे’ असा हिशेब झाला होता, तिथे प्रत्यक्ष खर्च त्याच्या तिपटीजवळ जातो. साठ रुपयांची फरशी बसून तयार होईपर्यंत चौरस फुटाला सुमारे १७३ रुपये पडते. दुकानात दोन रुपये कमी करून घेतले, तर करासह साधारण १,६१० रुपये वाचतात. ते वाचवू नयेत असे नाही. परंतु ज्या हिशेबात साठ हजारांचा फरक राहून गेला, त्यात सोळाशेंच्या बचतीला किती महत्त्व द्यायचे, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

काढावी की वर बसवावी?

जुन्या फरशीवर नवी बसवल्याने फोडण्याची मजुरी, राडारोडा हलवण्याचा खर्च आणि घरातील धूळ वाचते. मात्र त्याला अटी आहेत. जुनी फरशी लाकडी दांड्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजते तिथे ती काढावीच लागते. नवी टाइल आणि चिकटद्रव्य मिळून पातळी सुमारे अर्धा इंच वर येते. म्हणून दरवाजे तासावे लागतात आणि उंबरठ्यांची उंची पुन्हा पाहावी लागते. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साध्या सिमेंटच्या पेस्टने ती नीट धरत नाही. मिस्त्री ज्याला ‘केमिकल’ म्हणतात ते चिकटद्रव्यच वापरावे. त्याची २० किलोची गोणी ३ मिलिमीटर थरात साधारण ४५ ते ५० चौरस फुटांना पुरते.

वजनाचाही विचार हवा. दोन बाय दोनचा एक बॉक्स सुमारे ३० किलोचा असतो; ४४ बॉक्स म्हणजे तेराशे किलोंहून अधिक. ते लिफ्टमधून न्यायचे की जिन्याने, याची चौकशी सोसायटीकडे आधीच करावी आणि इमारत जुनी असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. घरात वडीलधारी मंडळी असतील, तर चकचकीत टाइलचा मोह आवरून कमी घसरणारी मॅट टाइल निवडणे हेही अंदाजपत्रकाचाच भाग समजावे.

गालिचा घ्यायचा असल्यास

पावसाळी दमटपणामुळे महाराष्ट्रातील घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा कमी दिसतो, तरी शयनगृहात किंवा पेढीच्या कार्यालयात तो घातला जातो. त्याचे गणित टाइलहून वेगळे आहे. हा गालिचा रोलमध्ये येतो आणि रोलची रुंदी ठरलेली असते, बहुधा १२ फूट किंवा ४ मीटर. खोली १३ × ११ फुटांची, म्हणजे १४३ चौरस फुटांची असली, तरी १२ फुटी रोलमधून कडेच्या कापणीसह साडेतेरा फूट लांबी घ्यावी लागते आणि पैसे १६२ चौरस फुटांचे द्यावे लागतात. खोलीच्या दोन्ही बाजू १२ फुटांहून मोठ्या असल्या तर सांधा येतो. तिथे दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर उजेडात दोन रंग दिसतात. खालच्या फोमचा खर्च वेगळा. कार्यालयासाठी ५० सेंटिमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइल मिळतात. एकीची जागा २.६९ चौरस फूट. डाग पडलेली एक टाइल काढून दुसरी बसवता येते, म्हणून तिथेही दोन-चार जास्तीच्या ठेवाव्यात.

पैसे कुठून आणि कसे द्यावेत

घरदुरुस्तीसाठी कर्ज घेताना बँक अंदाजपत्रक मागते आणि त्याच्या आधारे रक्कम ठरवते. अंदाज तोकडा असेल तर कमी पडलेले पैसे ऐनवेळी दुकानाच्या खात्यातून काढण्याचा मोह होतो. कॅश क्रेडिटची मर्यादा मालासाठी आणि उधारीसाठी दिलेली असते. त्यातून घराची फरशी घातली की सणाच्या तोंडावर माल भरायला भांडवल अपुरे पडते आणि बँकेच्या अटीचाही भंग होतो. घराचा खर्च घराच्या खात्यातूनच व्हावा आणि तो आधी ठाऊक असावा. एकत्र कुटुंबात तर हा कागद सर्व भावांसमोर ठेवावा. आधी कळलेला मोठा आकडा पचतो. काम संपल्यावर कळलेला लहान आकडाही मनात राहतो.

टाइलचे पक्के बिल घ्यावे. त्यावर नमुन्याचे नाव, माप, बॉक्सची संख्या आणि शक्यतो बॅच क्रमांक असावा. कच्च्या चिठ्ठीवर कर वाचल्यासारखा वाटतो, पण माल फुटका निघाला किंवा छटा वेगळी निघाली तर हातात पुरावा राहत नाही. न उघडलेले बॉक्स परत घेणार का आणि किती दिवसांत, हे बिलावरच लिहून घ्यावे.

मजुरी कशावर मोजायची, हे मिस्त्रीशी काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे. ती बसवलेल्या जागेवर द्यायची असते, खरेदी केलेल्या बॉक्सवर नव्हे; स्कर्टिंगची रनिंग फुटावर. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि सुमारे दहावा हिस्सा शेवटपर्यंत राखून ठेवावा. काम संपल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून ऐकावी. जी पोकळ वाजेल ती बदलून घेतल्यावरच राखलेला हिस्सा द्यावा.

या सगळ्याला एक टेप, एक वही आणि एक रविवार पुरतो. घरातील शाळकरी मुलांना टेपचे दुसरे टोक धरायला सांगावे. क्षेत्रफळ आणि घेर यांतील फरक त्यांना पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. आणि तयार झालेला कागद घेऊन दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा नसावा. एकाच बॅचचे चव्वेचाळीस बॉक्स मिळतील का, हा असावा. भावाची बोलणी त्यानंतर खुशाल करावीत.